काळ्या मण्यांचे काटे

मंडळींनो, सकाळपासून मन अस्वस्थ आहे, म्हणून आपल्या या चर्चा-फलकावर हे लिहीत आहे.

नाताळसाठी शेजारच्या मर्सीबाईंना मेक्सिकन धर्तीचे, मण्यांचे येशूहृदय, म्हणजे काट्यांनी वेढलेले येशूचे पवित्र हृदय, करून देण्याचा शब्द माझ्या दिवंगत पत्नीने दिला होता. त्याभोवतीचे काटे तेवढे करायचे राहिले होते. काल पावर हाउस बाजारातली मण्यांची दुकाने बंद होती. मंगळसूत्र पुन्हा ओवण्यासाठी तिने डबीत जपलेले काळे मणीच मी काट्यांसाठी वापरले.

आज सकाळी ते पाहून मर्सीबाई हरखल्या. "भाईसाहब, काँटे तो एकदम असली लगते हैं!" म्हणत त्या ते चर्चमध्ये घेऊन गेल्या.

मुलगी मात्र रडवेली झाली. "बाबा, आईचे काळे मणी कावून देऊन टाकले तुम्ही?"

संध्याकाळी ते हृदय वेदीजवळ लागेल. परत मागावे, तर पत्नीचा शब्द मोडतो. न मागावे, तर मुलीकडे पाहवत नाही.

आपण काय केले असते?