लिंबाखालची डांबराची पिंपं

"खोली आत्ताच्या आत्ता खाली करा," तहसीलदारांचे पेशकार म्हणाले. पेशकार म्हणजे साहेबांची कचेरी सांभाळणारा माणूस. दौऱ्यावर साहेबांपेक्षा त्याचाच धाक जास्त.

नेकनूरजवळ सरकारी मुसाफिर बंगला बांधला जात होता. मी तिथला स्टोअरकीपर. गच्ची गळू नये म्हणून लागणारा माल माझ्या चार्जमध्ये होता. गच्चीच्या कोब्याला कळीचा चुना. लाकडी पन्हळींचे सांधे बुजवायला डांबर आणि जवसाचं तेल. कळीचा चुना म्हणजे भट्टीतून निघालेले, पाणी न लागलेले खडे. पाणी लागलं की ते उकळतात, इतके तापतात की पोतं पेट घेतं. म्हणून चुना दगडी खोलीत आणि डांबर-तेल लांब गवती छपरात. त्यांची गाठ पडू द्यायची नाही, हेच माझं काम.

पेशकारांना साहेबांच्या दुपारच्या झोपेसाठी ती थंडगार खोली हवी होती.

"खोली घ्या," मी म्हणालो. "पण चुना डांबराच्या छपरात जाणार नाही."

"मग काय साहेबांच्या उशाला ठेवू?"

आमचे ओव्हरसियर त्र्यंबकराव मला बाजूला घेऊन गेले. "नारायणराव, कावून अडून बसलाव? हुकूम हाय. तुमची नोकरी जाईल, संगं माझी बी."

"छपराला लागून गवंड्यांच्या झोपड्या आहेत. आत लेकरं झोपलेली असतात. नोकरीचं नंतर बघू."

पेशकारांनी ऐकलं नाही. मजूर लावून चुन्याची पोती छपरात नेली. मी वाद थांबवला आणि हुसेन मेस्त्रीला हाक मारली.

"डांबर-तेलाची सगळी पिंपं बाहेर काढायची."

"ठिवायची कुठं? उन्हात तर फुगतेल."

आवारात दुसरी सावली एकच होती, मोठ्या लिंबाची. तिथं साहेबांच्या जेवणाचा शामियाना लागला होता. मी तिकडे बोट दाखवलं.

हुसेन मेस्त्री खो खो हसला. "साहेबाच्या ताटाजवळ? लई झ्याक! आज तुमी बी घरी, आमी बी घरी." आणि पहिलं पिंप त्यानंच ढकललं.

पेशकार धावत आले. "ही काय बदतमीजी? साहेबांना वास येईल!"

"येईल. चुना तुम्ही हलवलात, डांबर मी हलवलं. दोन्ही एका छपराखाली माझ्या चार्जमध्ये राहणार नाहीत."

"तुला काढून टाकायला लावीन!"

"लावा. तोवर पिंपं इथंच."

साहेब नाकाला रुमाल लावून जेवले आणि दगडी खोलीत जाऊन झोपले. साहेबांच्या छावणीला पाणी पुरवणाऱ्या भिस्त्यानं पाण्यानं भरलेली चामडी मशक सावलीला म्हणून छपरात नेली आणि चुन्याच्या पोत्यांवर टेकवली. त्या बिचाऱ्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. मशक गळकी होती.

आधी पांढरी वाफ निघाली. मग पोतं पेटलं, मग वरचं गवत.

छावणीतली माणसं बादल्या घेऊन पळत आली. "पाणी मारा, पाणी!" पेशकार ओरडत होते.

मी आडवा आलो. "पाणी न्हाई! माती टाका, कोरडी माती!"

तरीही एक शिपाई पुढं घुसला. हुसेन मेस्त्रीनं त्याची बादली लाथेनं उडवली. मजुरांनी मातीच्या पाट्या ओतल्या, गवंड्यांनी झोपड्यांच्या बाजूचं गवत ओढून काढलं. लेकरं आधीच बाहेर आणली होती. छप्पर गेलं. झोपड्या वाचल्या.

साहेब डोळे चोळत बाहेर आले. जळका सांगाडा बघितला, लिंबाखालची पिंपं बघितली. "ही सकाळी कुठं होती?"

"त्या छपरात," मी म्हणालो.

साहेब पेशकारांकडे बघत राहिले.

तरीही शामियान्याशी डांबर ठेवल्याबद्दल वरून मला लेखी ताकीद आली. ती मी घेतली. चूक मात्र कबूल केली नाही. त्र्यंबकराव म्हणाले, "माफी मागून मोकळे व्हा." मी म्हणालो, "आधी दुसरं छप्पर बांधून द्या. लांब."

ते त्यांनी बांधून दिलं. पुढच्या दौऱ्यात पेशकारांनी साहेबांच्या झोपेची सोय तंबूतच केली.

माल कुठं ठेवायचा, ते मालाचा स्वभाव बघून ठरवावं. पाहुण्याचा हुद्दा बघून नाही.