सोमवारी तुमची छाटणी आहे

चार माणसांना एका खिडकीशी सलाईन लावून पाच-पाच तास बसवलं तर दुसरं काय होणार? पहिल्या तासात मोबाइल बघून होतो, दुसऱ्या तासात डबे उघडतात आणि तिसऱ्यापासून किस्से सुरू होतात. आमचे किस्से असे दर सहा महिन्यांनी साचत गेले. चौघांतले आता तिघंच उरलोय, म्हणून म्हटलं, सांगून टाकावेत. मी शाळेत गणित शिकवते, बोलणं जरा फटकळ आहे, तेवढं सांभाळून घ्या.

आजाराचं नाव मल्टिपल स्क्लेरॉसिस. आपल्याच शरीराची फौज चुकून आपल्याच मेंदूतल्या आणि पाठीच्या कण्यातल्या नसांचं वेष्टण कुरतडत बसते. मग कुणाची नजर जाते, कुणाचे पाय लटपटतात, कुणी नुसतंच दमतं. आजार मुळापासून घालवणारं औषध अजून नाही, पण पुढची कुरतड रोखणारी औषधं आहेत. त्यातल्याच एकासाठी आम्ही नाशिकच्या एका हॉस्पिटलात भेटायचो. आजाराला थोडक्यात एमएस म्हणतात, आणि पहिला घोळ तिथेच होतो.

*

निदान झालं त्या आठवड्यात मी हिय्या करून मुख्याध्यापिकांच्या केबिनमध्ये गेले. रात्रभर वाक्य घोकलं होतं. दार लोटलं आणि एका दमात म्हणून टाकलं, "मॅडम, मला सांगायचं होतं, एमएस झालंय."

मॅडमनी रजिस्टरमधून मान वर न करता म्हटलं, "अरे वा, अभिनंदन! झेरॉक्स ऑफिसात द्या, सर्व्हिस बुकात नोंद करून घेऊ."

त्यांना वाटलं, बाईंनी राहिलेला एमएस-सीआयटीचा कॉम्प्युटर कोर्स एकदाचा उरकला. मराठीत कोर्सही होतो आणि आजारही होतो, त्याला त्या तरी काय करणार? मी "हो" म्हणून बाहेर आले, बाथरूममध्ये जाऊन आधी हसले आणि मग बराच वेळ रडले. खरं काय ते सांगायला मला आणखी चार महिने लागले.

पुढे काठी घ्यावी लागली. ती घेऊन पहिल्यांदा नववी ब मध्ये शिरले तर वर्ग चिडीचूप. वीस वर्षं घसा फोडून जे जमलं नव्हतं ते एका काठीनं केलं. मी मनातून खूश झाले. तेवढ्यात शेवटच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, आता मारायला परवानगी नाही."

*

दगूआप्पा दिंडोरीकडचे, द्राक्षवाले. पन्नाशीचा गडी, आवाज मोठा, आणि माळरानावरच्या वाऱ्यासारखं हसणं. त्यांची चाल बिघडली तेव्हा गावानं एका दिवसात निदान केलं: आप्पा प्यायला लागले. आजूबाजूला वाईनचे कारखाने, मग संशयाला काय उणं? सकाळी बांधावरून चालताना तोल जायचा, जीभ जड व्हायची. जन्मात थेंब न घेतलेला माणूस, पण शपथा घेतल्या की लोक आणखीच हसायचे.

अशी सहा वर्षं गेली. एमआरआय झाला, आजाराचं नाव कळलं, आणि आप्पांच्या पहिल्या सलाईनच्या दिवशी गोदाकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, आमच्या सगळ्यांसमोर रडायला लागल्या. कुणाच्या तरी सांगण्यावरून त्या वर्षभर आप्पांच्या चहात दारू सोडवायची पावडर घालत होत्या. आप्पांना वर्षभर जुलाब का होत होते ते आम्हाला तेव्हा कळलं.

आम्हाला वाटलं, आता भडका उडणार. आप्पा मात्र काकूंना म्हणाले, "गुण आला की गं. एवढ्या वर्षांत थेंब घेतला नाय मी."

सगळे हसलो. काकू तेवढ्या हसल्या नाहीत. ती सहा वर्षं औषधाविना गेली, नसांचं व्हायचं ते नुकसान होऊन बसलं आणि ते परत भरून येत नाही, हे डॉक्टरांनी त्यांना सकाळीच सांगितलं होतं. त्या दिवसापासून काकूंनी आप्पांची एकही तारीख चुकू दिली नाही.

*

छाटणी हा शब्द आप्पांचाच. डॉक्टर समजावत होते की रक्तातल्या ज्या पेशी चुकून वेष्टणावर हल्ला करतात त्या हे औषध कमी करतं, पण त्या पुन्हा वाढतात, म्हणून सहा महिन्यांनी परत यायचं. आप्पांनी बोटं मोजली. एप्रिल आणि ऑक्टोबर.

"मंग सरळ सांगा ना डॉक्टर," आप्पा म्हणाले, "एप्रिलची खरड छाटणी आन् ऑक्टोबरची गोडी छाटणी. आमचा द्राक्षाचा मळा बी ह्याच तारखांना छाटणीला येतो."

झालं! तेव्हापासून आम्ही सगळे छाटणीच म्हणायला लागलो, सिस्टरसुद्धा. त्यातून रफीकभाईंचा घोटाळा झाला. रफीकभाई सातपूरच्या एका कारखान्यात सतरा वर्षं लेथवर होते. आजाराचं त्यांनी कंपनीत कुणालाही कळू दिलं नव्हतं. एकदा कँटीनमध्ये जेवताना सिस्टरचा फोन आला. हाताला तूप, म्हणून त्यांनी फोन स्पीकरवर टाकला, आणि सिस्टर खणखणीत आवाजात म्हणाल्या, "रफीकभाई, सोमवारी तुमची छाटणी आहे, वेळेवर या."

अख्ख्या कँटीनचा घास हातातच राहिला. दहा मिनिटांत युनियनवाले हजर. छाटणी एकट्या रफीकची की सगळ्यांची, यादीत आणखी कोण, मॅनेजरनं आधी का नाही सांगितलं! घोषणा सुरू होणार एवढ्यात रफीकभाईंना उठून खरं सांगावं लागलं.

हा किस्सा ते इतका रंगवून सांगायचे की सलाईनची सुई हलायची. शेवट मात्र ते एकदाच बोलले. मॅनेजर चांगला माणूस, त्यानं नोकरी राखली, पण लेथवरून काढून स्टोअरच्या टेबलावर बसवलं. "मशीनचा आवाज तिकडे पण येतो, बाई," एवढं म्हणून ते खिडकीकडे तोंड करून बसले.

*

चौथी सायली, सटाण्याची. सव्वीस वर्षांची, लग्नाला दीड वर्ष. पायांना मुंग्या येऊन पडली, स्टेरॉइडची पाच सलाईनं लागली, महिन्याभरात टुणटुणीत झाली. एका एप्रिलला आमच्यात आली आणि ऑक्टोबरला आलीच नाही. सासूबाई म्हणायच्या, "काय व्हयेल शे तुले? काहीच तं दिसत नही." तिलाही तेच वाटलं. स्टेरॉइडनं बरी झाले, मग हे कशाला? शिवाय घरात सगळ्यांना नातवाची घाई, आणि औषध आणि मूल एकत्र जमणार नाही हे तिनं स्वतःच ठरवून टाकलं. डॉक्टरांना विचारलंसुद्धा नाही!

जानेवारीत एका सकाळी तिला उजव्या डोळ्यानं दिसेनासं झालं. पुन्हा स्टेरॉइड दिलं. थोडं दिसायला लागलं, पण पूर्ण नाही. आता त्या डोळ्यानं तिला सगळं धुरकट दिसतं, आणि लाल रंग कळत नाही.

एप्रिलला आली ती मान खाली घालूनच. माझ्या जिभेवर चार शब्द आले होते, मी गिळले. आप्पांनी तिला आपल्या शेजारी बसवलं. मळ्यात करपा रोग आल्यावर मारायची फवारणी वेगळी आणि करपा येऊच नये म्हणून मारायची वेगळी, हे त्यांनी तिला समजावलं. स्टेरॉइड पहिल्या जातीचं, ही छाटणी दुसऱ्या जातीची.

"दुसरीचं काम डोळ्याला दिसत नाय, पोरी," आप्पा म्हणाले. "काय झालं नाय, हेच तिचं काम."

त्या दिवशी तिनं डॉक्टरांना मुलाचं विचारलं. मूल होऊ शकतं, फक्त औषधाच्या तारखा आणि मुलाचा बेत आधी आपल्याशी बोलून जुळवायचा, असं डॉक्टर म्हणाले. एवढा एक प्रश्न तिनं वर्षापूर्वी विचारला असता तर तिचा डोळा कदाचित वाचला असता, हे माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

*

त्याच एप्रिलला आप्पांना मात्र सलाईन नव्हतं. त्यांचा आजार आता हळूहळू पुढे सरकणाऱ्या जातीचा झाला होता, त्यात छातीत सारखा कफ व्हायचा. डॉक्टरांनी त्यांना आणि काकूंना बसवून स्पष्ट सांगितलं, की आता ह्या औषधाचा फायदा थोडा आणि धोका जास्त. व्यायाम चालू ठेवायचा, पायांचा ताठरपणा आणि लघवीचा त्रास ह्यांवरची औषधं घ्यायची, पण छाटणी बंद.

तरी आप्पा आले. दिंडोरीहून पिकअपमधून, व्हीलचेअर मागे बांधून, काकूंसोबत. आपल्या नेहमीच्या खुर्चीवर बसले. हाताला सुई नाही, काही नाही. सिस्टर म्हणाल्या, "आप्पा, तुमचं नाव यादीत नाहीये."

"म्हाईत हाय," आप्पा म्हणाले. "मजूर किती बी चांगले असू द्या, छाटणीला मालक बांधावर पाहिजे. तो उभा असला की कात्री नीट चालते."

आणि पाच तास बांधावर बसून राहिले. रफीकभाईंचा कँटीनचा किस्सा पुन्हा सांगायला लावला, माझ्या डब्यातली मेथीची पोळी खाल्ली, सायलीची बाटली संपेपर्यंत हलले नाहीत. निघताना तिला म्हणाले, ऑक्टोबरला मी इथंच हाय.

श्रावणात आप्पा गेले. न्यूमोनिया झाला, चार दिवस झगडले. आम्ही तिघं दहाव्याला गेलो. मळा हिरवागार होता, आणि मला त्या हिरव्या रंगाचा फार राग आला.

*

सप्टेंबरच्या शेवटी आमच्या ग्रुपवर सायलीचा मेसेज आला. "मी येणार नाही. आप्पांनी इतकं सगळं नीट केलं, त्यांना काय मिळालं? माझ्यासाठी कुणी थांबू नका."

मी मास्तरीण, मी लांबच लांब उत्तर लिहिलं. आप्पांचं औषध सहा वर्षं उशिरा सुरू झालं, तुझं तसं नाही. तुझा दुसरा डोळा आहे, पाय आहेत, पुढं मूल आहे. रफीकभाईंनी फोन केला. सिस्टरनी केला. मेसेजवर दोन निळ्या खुणा आल्या आणि पुढं काही नाही. मला दुसरा डोळाही धुरकट झालेली सायली दिसायची आणि रात्री झोप लागायची नाही. समजावून काही होत नाही, हे मला पंचवीस वर्षं शिकवून त्या आठवड्यात कळलं.

ऑक्टोबरचा सोमवार आला. रफीकभाईंना आणि मला सुया लागल्या. आप्पांच्या खुर्चीवर कुणी बसलं नव्हतं, सायलीच्या खुर्चीवरही नाही. दहा वाजले, साडेदहा वाजले. तिचा फोन बंद. आम्ही डबे उघडले नाहीत आणि किस्सेही काढले नाहीत.

साडेअकराला दार उघडलं. पुढे सायली, डोळे रडून सुजलेले. मागे गोदाकाकू, पातळावर धूळ, हातात डबा.

नंतर कळलं ते असं. सायलीचा मेसेज पुतण्यानं आप्पांच्या फोनवर काकूंना वाचून दाखवला होता. काकू सकाळी सहाला पुतण्याला घेऊन पिकअपनं दिंडोरीहून निघाल्या त्या नाशिकला न येता उलट्या दिशेला, थेट सटाण्याला. सायलीच्या ओट्यावर जाऊन बसल्या. कुणाशी वाद घातला नाही, आप्पांचं नाव काढलं नाही. सासूबाईंनी चहा पुढे केला तर म्हणाल्या, पोरगी तयार झाली की घेते. चहा गार झाला, दुसरा आला, तोही गार झाला. तिसऱ्या कपाला सासूबाईच आत गेल्या आणि सायलीला म्हणाल्या, ऊठ, साडी बदल.

सिस्टरनी सायलीची शीर शोधली आणि सुई लावली. काकू आप्पांच्या खुर्चीवर जाऊन बसल्या, पदर सारखा केला.

त्या दिवशी एक नवीन सिस्टर होती. ती फॉर्म घेऊन आली, पेशंटसोबतच्या माणसाचं नाव लिहून घेतलं आणि पेन पुढच्या रकान्यावर थांबवून तिनं विचारलं, "मावशी, तुमचं नातं काय लिहू? आई की सासू?"



"कोनी नाय," काकू म्हणाल्या. "मी बांधावर हाय."