अवोन्डेलकर आले का?

मी निघाले त्या सकाळी आबांनी जीपच्या टपावर कर्णा बांधला. माळ्यावरून काढला, फडक्यानं पुसला, आणि घरापासून एसटी स्टँडपर्यंत पुकारत गेले. "मंडळी, आपल्या आळीतली पोरगी शिकायला न्यूझीलंडला निघाली! जागा मर्यादित! निरोप द्यायचा असेल त्यांनी ताबडतोब स्टँडवर यावे!" आई माझ्या शेजारी बसली होती. "आवं, बंद करा ते," ती म्हणत होती. "पोरगी चाललीया, पिक्चर न्हाय लागलाय." आबांनी ऐकलं नाही. स्टँडवर खरंच गर्दी झाली. कुणी शेंगदाण्याचे लाडू दिले, कुणी कारळ्याची चटणी, एका आजीनं तर अंगणातल्या कढीलिंबाची फांदीच तोडून आणली. फांदी ऑकलंडच्या विमानतळावर काढून घेतली. लाडू सुटले.

हे मी दोन्हीकडच्यांसाठी लिहिते आहे. तुम्ही जे आमच्या माणदेशात राहिलात, आणि तुम्ही जे माझ्याआधी इथे आलात, घरं घेतलीत, मंडळ काढलंत. मला मुद्दा नीट मांडता येईल की नाही, माहीत नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, त्यामुळे शिकलेल्या माणसांशी भांडायची सवय घरात कुणालाच नाही. पण राग आला आहे, आणि तो जात नाही.

आबा आठवी शिकलेले. पंचवीसेक वर्षं ते जत्रेतल्या तंबू थेटरात ऑपरेटर होते. दिवसा जीपवरून पुकारा करायचा, अंधार पडला की मशीन चालवायचं. आमच्या भागातल्या तंबूची एक रीत होती. जत्रेतल्या देवाकडे तोंड करून मशीनपुढे नारळ फुटला, की आबा माइकवरून एकेक वाडी पुकारायचे. "बोरवाडीकर आले का?" की तंबूच्या एका कोपऱ्यातून शिट्ट्या. "खडकमळेकर आले का?" की दुसरीकडून. ज्या वाडीची शिट्टी आली नाही, तिची बैलगाडी अजून वाटेत आहे असं समजायचं आणि थांबायचं. सगळ्या वाड्या आल्याशिवाय पहिलं रीळ सुटायचं नाही. दोरीच्या पलीकडे बायका बसायच्या, त्यांच्याही शिट्ट्या यायच्या. आमच्या आईची दोन बोटांची शिट्टी ओढ्यापलीकडे ऐकू जाते. माहेरच्या वाडीची हजेरी ती द्यायची, आणि आबांनी तिला पहिल्यांदा पाहिलं नाही, ऐकलं, असं ते सांगतात. ती शिट्टी तिनंच मला शिकवली.

मग डिजिटल आलं, तंबू विकला गेला. आबा आता तालुक्याच्या रस्त्यावर वडापची जीप चालवतात, जीप भरेल तेवढे प्रवासी घेऊन. कर्णा माळ्यावर गेला.

इथे मी अवोन्डेलमध्ये दोन मुलींबरोबर फ्लॅटमध्ये राहते आणि शनिवारी सँडरिंगहॅमच्या एका मिठाईच्या दुकानात काम करते. तिथेच मला मेधाताई भेटल्या. त्या फार्मसिस्ट आहेत, मराठी मंडळाच्या कमिटीवर आहेत, आणि हे आधीच सांगते की माझ्याशी चांगल्या वागल्या आहेत. पहिल्या हिवाळ्यात आमच्या फ्लॅटच्या भिंतींना पाणी सुटायचं, तेव्हा त्यांनी स्वतःचा हीटर गाडीत घालून आणून दिला. फ्लूमध्ये मी पडून होते तेव्हा मुगाची खिचडी. म्हणून हे लिहिताना हात अडतो.

या वर्षी ऑकलंडमधल्या आशियाई चित्रपटांच्या नि संस्कृतीच्या एका वीकेंडला आपल्या मंडळाला एक दुपार मिळाली. सकाळी कोरियन गाण्यांवर नाचणाऱ्या पोरांचे ग्रुप, बाहेर फिलिपिनो खाण्याचे स्टॉल, जपानी कार्टूनमधले कपडे घालून फिरणारी मुलं, आणि दुपारी आपला एक जुना मराठी चित्रपट. मेधाताई म्हणाल्या, नुसता चित्रपट नको, माहौल हवा. हॉलमध्ये कनात लावायची, तंबू थेटर करायचं, कार्यक्रमाचं नावच 'जत्रा'. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "माझे वडील तंबूत पुकारायचे." सगळ्या कमिटीनं माझ्याकडे वळून पाहिलं. कुणीतरी म्हणालं, "वॉव." मला इतका आनंद झाला होता की मी त्याच संध्याकाळी घरी फोन लावला.

आबांनी तयारीला आठवडा घेतला. "तिथल्या वाड्या कोणत्या गं?" असं विचारून त्यांनी ऑकलंडची उपनगरं पाठ केली. आई सांगत होती, जीप धुताना पण 'अवोन्डेल, अवोन्डेल' चालू असतं. शेवटी आलेलं रेकॉर्डिंग मी बसमध्ये ऐकलं आणि माझा स्टॉप चुकला. तोच आवाज, जरा खरखरलेला. "मंडळी, समुद्र ओलांडून आलेल्या मंडळी! जागा मर्यादित! खेळ सुरू होण्याच्या आधी हजेरी! सँडरिंगहॅमकर आले का?" मग शांतता. "अवोन्डेलकर आले का?" पुन्हा शांतता. प्रत्येक नावानंतर त्यांनी जागा सोडली होती. खाली निरोप होता, "शिट्ट्या तेवढ्या टिपून पाठव. आळीला ऐकवायच्यात."

मेधाताईंनी ते ऐकलं. "आवाज मस्त आहे गं बाबांचा, हीप्स ऑफ कॅरेक्टर. पण मध्ये मध्ये एवढे पॉज का? लोकांना वाटेल सिस्टिम बंद पडली."

"ते शिट्ट्यांसाठी आहेत," मी म्हटलं.

"कुणाच्या शिट्ट्या?"

मी सांगितलं. नीट सांगता आलं नाही बहुतेक. कौस्तुभदादा शेजारी होते. ते आयटीत आहेत, ठाण्याचे, मंडळाचं निवेदन नेहमी तेच करतात. म्हणाले, "डोन्ट वरी, मी लाइव्हच करतो ना. शब्द हेच घेऊ, फक्त जरा पॉलिश. तू साउंड बघ. स्वीट अ‍ॅज?" म्हणजे इथल्या भाषेत 'चालेल ना?' मी मान हलवली. मला वाटलं, ते वाड्या पुकारतील. आवाज आबांचा नसला तरी रीत तीच असेल, शिट्ट्या तर मिळतील.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी हॉल हादरत होता. कोरियन गाण्यांवर नाचणाऱ्या एका ग्रुपमध्ये मेधाताईंची मुलगी होती. पोरं किंचाळत होती, हातातल्या दिव्यांच्या काठ्या नाचवत होती, प्रत्येक नाचणाऱ्याचं नाव घेऊन ओरडत होती. मेधाताई स्वतः खुर्चीवर उभ्या राहिल्या होत्या. "काय एनर्जी आहे ना या मुलांची!" त्या मला म्हणाल्या. मलाही फार आवडलं. नाव घेतलं की ओरडायचं, हे मला ओळखीचं होतं.

दुपारी कनात लागली. प्लास्टिकच्या झेंडूच्या माळा, सेल्फीसाठी पुठ्ठ्याची बैलगाडी. आणि कौस्तुभदादा आले, मिशी चिकटवून, खांद्यावर टॉवेल, तोंडात काहीतरी कोंबल्यासारखा आवाज काढून. "आवो मंडली, या की वो, लई भारी शिनेमा हाय!" माझ्या वडिलांची वाक्यं एकेक करून त्यांनी घेतली आणि प्रत्येकाच्या शेपटाला 'व्हय-न्हाय' बांधलं. 'न्हाय' आमच्याकडे म्हणतात, पण असं तोंड वाकडं करून कुणीही बोलत नाही. 'जागा मर्यादित'ला लोक खो खो हसले. 'समुद्र ओलांडून'ला ते छातीवर हात ठेवून अडखळल्यासारखे पडले, त्यालाही हसले. वाड्या त्यांनी पुकारल्याच नाहीत.

मी साउंडच्या टेबलामागे उभी होते. मला कळत नव्हतं की मला नक्की काय झालं आहे. कुणी मला काही बोललं नव्हतं, वडिलांचं नाव घेतलं नव्हतं. पण माझे आबा माइकवर कधीच तसं बोलले नाहीत. माइक हातात आला की ते शब्द जपून, पुस्तकातल्यासारखे उच्चारायचे, 'ताबडतोब' म्हणायचे, 'यावे' म्हणायचे, कारण माइकवर सगळा मुलूख ऐकतो. आठवी शिकलेल्या माणसानं कष्टानं कमावलेली शुद्ध भाषा तुम्ही काढून टाकलीत आणि त्याच्या तोंडी तुम्हाला हवं ते गावंढळ बोलणं घातलंत, आणि त्याला 'ग्रामीण टच' म्हणालात. मला याचं कारण अजूनही हवं आहे.

चित्रपट सुरू झाला. सगळे खुर्च्यांवर शांत, इथे जन्मलेली मुलं आईबापांच्या फोनमध्ये.

मध्यंतरात दिवे लागले. लोक समोशांकडे निघायच्या आत मी लॅपटॉपवर आबांचं रेकॉर्डिंग लावलं आणि माझ्या फोनचं रेकॉर्डर चालू केलं. कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाले असते, म्हणूनच.

"मंडळी, समुद्र ओलांडून आलेल्या मंडळी!"

काही जण हसले, त्यांना वाटलं कौस्तुभदादाच. मग हसणं थांबलं. आवाज वेगळा होता, हे कळलं असावं.

"सँडरिंगहॅमकर आले का?"

शांतता. आबांनी सोडलेली जागा भरत नव्हती. मी मनात म्हणत होते, येऊ दे, एक तरी येऊ दे. आणि तिसऱ्या रांगेतून आली. लांब, वर चढत जाणारी. एक म्हातारे गृहस्थ उभे राहिले होते, स्वेटर, मफलर, तोंडात दोन बोटं. फलटणचे, लेक इथे नर्स आहे, तिच्याकडे आलेले, हे मला नंतर समजलं. त्यांच्या पुढच्या रांगेतली एक मुलगी आईला म्हणाली, "मम, व्हाय इज ही डूइंग दॅट?"

मेधाताई झपझप त्यांच्याकडे गेल्या. "काका, प्लीज. मुलं आहेत. ही काय जत्रा आहे का?"

त्यांच्या डोक्यावर, कनातीवर, हातभर अक्षरांत 'जत्रा' लिहिलेलं होतं. कुणाचंच तिकडे लक्ष नव्हतं. काका बोटं स्वेटरला पुसत खाली बसले. "सॉरी हं," म्हणाले. सत्तरीचा माणूस, सॉरी म्हणाला.

"अवोन्डेलकर आले का?" आबांनी विचारलं.

मी तोंडात दोन बोटं घातली. विचार करून नाही. माझं नाव पुकारलं होतं, मी तिथे हजर होते, एवढंच. शिट्टी कनातीवर आपटून परत आली. सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. कौस्तुभदादांनी येऊन माझ्यावरून हात घालून आवाजाची पट्टी खाली ओढली. आबांचं तिसरं नाव अर्ध्यात तुटलं.

"हे काय होतं?" ते हळू आवाजात म्हणाले. अर्धी मिशी निघून लोंबत होती. "असं सरप्राइज नाही करायचं. आपली इमेज असते."

मी म्हटलं, "कुणाची?" ते लोंबणारी मिशी ओढत समोशांकडे निघून गेले. दुसऱ्या दिवशी मेधाताईंचा मेसेज आला. 'तुझ्या भावना समजतात, पण सगळ्या पब्लिकचा विचार करावा लागतो.' सकाळी खुर्चीवर उभं राहून किंचाळताना पब्लिक कुठे गेलं होतं, हे मी लिहिलं आणि पुसलं. हीटर आठवला. शेवटी लिहिलं, की मेधाताई, कोरियन गाण्यांवर नाचणाऱ्या पोरांसाठी आपण खुर्चीवर उभ्या राहता ते मला आवडलं, तसंच एकदा आमच्यासाठी राहा. त्यावर वाचल्याच्या निळ्या खुणा तेवढ्या आहेत.

रेकॉर्डिंग मी आबांना त्या संध्याकाळीच पाठवलं होतं. कापायचा मोह झाला, फक्त शिट्ट्या ठेवाव्यात. पण त्यांच्याशी तरी पॉलिश कशाला करायचं? तिकडे दुपार होती. जीप भरायची वाट बघत ते थांब्यावर उभे होते, मागे कुणीतरी 'ओ, निघायचं का' म्हणत होतं. त्यांनी फोन केला.

"ऐकलं," ते म्हणाले. "मधी बाई बोलली ती कोण?"

"कमिटीतल्या आहेत. तुम्ही मनाला लावून घेऊ नका, आबा."

"लावायचं काय त्यात? खरंच बोलली की ती. जत्रा न्हायच ती." मग म्हणाले, "पहिली शिट्टी गड्याची हाय. जुनी हाय. कुठला गं?"

"फलटणचे काका. सँडरिंगहॅमला असतात."

"म्हंजे एक वाडी आली." मागचा माणूस पुन्हा ओरडला, आबांनी त्याला 'थांब रं' म्हटलं. "आन् दुसरी?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"वळखली मी," ते म्हणाले. "तुझ्या आईला फोनवर ऐकवली, ती पण म्हणली, ही आपली. मी म्हणलं, आपली हाय पण आता अवोन्डेलची हाय. हजेरी तिथून दिलीय तिनं."

मी निघाले तेव्हा घर म्हणजे जिथून निघाले ते, असं मी समजत होते. आता मला दुसरं वाटतं. कुणीतरी माझ्या गावाचं नाव घेतो, मग थांबतो, आणि मी उत्तर देईपर्यंत रीळ सोडत नाही, ते घर. ती जागा मला आबांनी तिथून, दहा-बारा हजार किलोमीटरवरून, सोडून दिली. इथल्या माझ्या माणसांनी ती कापून टाकली. तो राग मी ठेवणार आहे.

फलटणचे काका परवा दुकानात आले होते. बर्फी घेतली आणि दारातून बाहेर पडताना वळून, कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू, शिट्टी मारली. मी काउंटरमागून दिली. हळू नाही दिली.