आधी माझं बघा

"कासमभाई वारलं की वो, बाई," कोल्हापूरहून आलेला टांगेवाला शाळेच्या दारातच म्हणाला. "कशानं?" तो खाली बघत म्हणाला, "दातानं." मला वाटलं, मेला थट्टा करतोय. सरकारी दवाखान्यातले कंपाउंडर कासमभाई, गावोगावच्या शाळांतून मुलांचे दात तपासत, किडके काढत हिंडणारे... ते दातानं जातील? महिना उलटला, माझं डोकं अजून त्या एका शब्दापाशीच अडलंय.

शिक्षण सक्तीचं झालं तशा मुरगूडच्या आमच्या मुलींच्या शाळेत पोरी वाढल्या आणि त्यांच्या दुखऱ्या दाढाही. आया स्वतः मिसरी लावायच्या, लेकीचा दात दुखला की तिच्याही हिरडीला तीच चोळायच्या. कासमभाई पहिल्यांदा आले तेव्हा परक्या पुरुषासमोर पोरगी तोंड कशी उघडेल, म्हणून आया दारात आडव्या उभ्या राहिल्या. तर हा गडी खिडकीजवळच्या स्टुलावर स्वतःच बसला आणि म्हणाला, "आधी माझं बघा. किडका घावला तर मला गावाबाहीर काढा." एकीनं खरंच वाकून पाहिलं, पदराआड हसली आणि लेकीला पुढं ढकललं. तेव्हापासून तोच रिवाज पडला. आधी पोरीनं भाईंचं तोंड तपासायचं, मग भाईंनी तिचं. पडलेला दुधाचा दात शेणाच्या गोळीत घालून कौलांवर फेकताना पोरींपेक्षा तेच मोठ्यानं ओरडायचे.

शेवटचे आले तेव्हा गालावरून रुमाल गुंडाळलेला. "थंडी हाय," म्हणाले. मी म्हटलं, "मुरगुडातली थंडी तुम्हालाच बरी सापडते!" ते हसले नाहीत. चिमुरडी सखू स्टुलापाशी अडून राहिली. "भाई, आधी तुमी."

"आज माझं ऱ्हाऊ दे. तू उघड."

दिवसभर पोरी तपासल्या आणि भाकरीला हात न लावता गेले. आठवड्यात ही बातमी.

मी घरी भेटायला गेले तेव्हा त्यांच्या बायकोनं सांगितलं. दाढ सडली होती, सूज गळ्यापर्यंत उतरली. डॉक्टरांना दाखवा म्हणून तिनं हातापाया पडून विनवलं. तर म्हणाले, "माझीच दाढ किडलीया म्हटल्यावर आया पोरी धाडतील व्हय? एवढी फेरी हुंदे." एवढी फेरी! मला रडू आलं नाही, संताप आला, आणि तो अजून गेलेला नाही. दुखणं अंगावर काढू नका म्हणून अख्ख्या मुलखाला दटावणारा माणूस, आणि त्यानंच...

परवा नवे कंपाउंडर आले. घाईत होते. स्टुलाकडे बोट दाखवून सखूला म्हणाले, "बस. आ कर."

ती हलेना. "आधी तुमी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी भाईंचा रिवाज सांगितला. शेवटी ते स्टुलावर टेकले आणि तोंड उघडलं. सखूनं त्यांची हनुवटी खिडकीच्या उजेडाकडे वळवली, भाई वळवायचे तशीच, आणि बराच वेळ आत बघत राहिली.

"मागली दाढ काळी हाय," ती म्हणाली. "आजच काढून घ्या. झाकू नगासा."