बडोदा-नागपूर व्हाया अंधेरी

कुठल्याही गावाचं नाव कानावर पडलं की आमच्या शेजारच्या काकांचा हात शर्टाच्या खिशात जायचा आणि कर्कटक बाहेर यायचं. भिंतीवरच्या नकाशावर त्याची दोन टोकं ठेवून ते अंतर मोजायचे आणि विमान किती वेळात पोचेल ते सांगायचे. "चढायला दहा मिनिटं, उतरायला दहा, मधलं काय ते गणित." अंधेरीच्या कारखान्यात ड्राफ्ट्समनची नोकरी आणि डोक्यावरून दिवसभर विमानं, मग माणूस दुसरं काय करणार? स्वतः मात्र ते विमानात कधी बसले नव्हते. कॉलनीत सगळे त्यांना कर्कटककाका म्हणत, अर्थात पाठीमागे.

वेळ फुकट घालवलेला त्यांना खपत नसे. मी कॉलेजातून रमतगमत आले की गॅलरीतून विचारणा व्हायची, "स्टेशनापासून बारा मिनिटं लागतात. उरलेली वीस कुठे गेली?" मला भयंकर राग यायचा. पण काकू गेल्यावर महिनाभर त्यांनी मला हटकलंच नाही, तेव्हा मलाच चुकल्याचुकल्यासारखं झालं.

ही चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीची गोष्ट. दोन्ही मुली लग्न होऊन लांब गेलेल्या, शैलाताई बडोद्याला आणि नयना नागपूरला. काकू गेल्या त्याच वर्षी नयनाचं पहिलं बाळंतपण आलं. माहेरी आणावं तर आई नाही, त्यात डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केलेली. शेवटी शैलाताईनंच नागपूरला जायचं ठरलं. काकांनी लगेच कर्कटक लावलं : सव्वासहाशे किलोमीटर, एक तास दहा मिनिटं. खुशीत चौकशीला गेले आणि तोंड पाडून परत आले. बडोद्याहून नागपूरला थेट विमानच नव्हतं. आधी मुंबईला या, इथून दुसरं पकडा.

"माझं माप बरोबर आहे," ते माझ्या बाबांना म्हणाले. "विमानवाल्यांनाच नकाशा कळत नाही."

त्यांनी शैलाताईला कळवलं, दुपारच्या विमानाने ये, म्हणजे मध्ये सव्वा तासच थांबावं लागेल. तेवढ्या वेळात विमानतळावरच गाठून डिंकाच्या लाडवांचा डबा द्यायचा, असा बेत होता. लाडू माझ्या आईने वळले. एका लाडवाला किती वेळ लागतोय, हे काका शेजारी बसून सांगत होते.

त्या दिवशी सकाळी नऊलाच शैलाताई बॅग घेऊन दारात हजर. काका दाढी करत होते. ते चिडलेच. तिकीट काढताना जावयाने घोळ घातला, आता संध्याकाळपर्यंत काय करणार, असं बरंच काही बोलले. मी त्यांचा चहा घेऊन आले होते, ती तशीच उभी राहिले.

"घोळ नाही अण्णा, मी मुद्दाम सकाळचं घेतलं," शैलाताई म्हणाली. "नयनाकडे बघायला मी चाललेय. तुमच्याकडे बघायला कोण येणार होतं?"

अर्ध्या तोंडाला साबण तसाच, काका खाली बसले आणि रडले. मीही रडले. चहा निवून गेला. मग दिवसभर भिंतीपलीकडून दोघांचं बोलणं ऐकू येत होतं. काकूंचं नाव सारखं निघत होतं, आणि दुपारनंतर हसणंसुद्धा.

नयनाला मुलगी झाली, सगळं सुखरूप पार पडलं. पुढे दोघी बहिणी एकमेकींकडे जायचं म्हटलं की सकाळीच मुंबईत उतरायच्या आणि दिवसभर काकांकडे राहायच्या. एकदा बाबा पेपर वाचता वाचता सहज म्हणाले, बडोदा-नागपूर थेट विमान सुरू व्हायला हवं, तुमच्या मुलींची केवढी सोय होईल.

"छे, छे, काही नको," काका घाईघाईने म्हणाले. "मुली परस्पर जातील."