चक्कीवरून दिसणारा दिवा

वाशिमच्या दुकानात मी सगळ्यात वेगवान मॉडेम शोधत होतो. केबलवाल्याने घरापर्यंत वायर आणून दिली होती, मॉडेम मात्र माझा मला घ्यायचा होता. शेजारी एक म्हातारबा उभे होते, भुवयांवर पीठ बसलेलं. ते प्रत्येक मॉडेम चालू करायला लावत, दारापर्यंत मागे जात आणि डोळे बारीक करून बघत.

"याचा दिवा बारीक हाये," ते दुकानदाराला म्हणाले. "दुरून दिसनारा दे."

दिव्याचं एवढं काय, मी विचारलं.

"रिठदले आपली पिठाची चक्की हाये. सून घरूनच कंपनीचं काम करते. ते बोलून राह्यली असली का चक्कीचा आवाज तिच्या सायबाले ऐकू जाते. काम झालं का ते मॉडेमचं बटन बंद करते. म्हून दिवा दिसला का मी चक्की थांबवतो."

"मग गिऱ्हाइकं?"

"दळन थांबते जी. तिची नोकरी कायले थांबवाची?"

मी माझा वेगवान मॉडेम घेतला आणि घरी टीव्हीमागे ठेवून दिला. त्याचा दिवा पुन्हा कधी पाहिला नाही.

पुढे एकदा रिसोडला जाताना मुद्दाम रिठदला उतरलो. चक्की बंद होती. ओट्यावर तीन-चार बाया दळणाचे डबे घेऊन बसल्या होत्या. समोरच्या खिडकीत हिरवा दिवा लागलेला. म्हातारबांची चौकशी करायला मी तोंड उघडलं, तर एकीने ओठांवर बोट ठेवून खिडकीकडे दाखवलं आणि सरकून मला बसायला जागा दिली.