दोराचं वरचं टोक

आमच्या सासूबाई आणि त्यांची थोरली जाऊ यांच्यात बोलणं नाही. घर वाटून मधे भिंत घातली, तेव्हापासून नाही. कशावरून बिनसलं विचाराल, तर दोघी वेगवेगळं सांगतात. मला वाटतं, दोघींचंही डोकं फिरलं होतं.

पण कड्यावरचं गवत पिकलं की थोरल्या न बोलावता दारात हजर. सासूबाई कमरेला दोर बांधून कड्यावरून उतरतात, विळ्याने गवत कापतात. थोरल्या वर बसून दोर धरतात. वर बांधायला झाड नाही, आणि दगडाला बांधला तर घासून तुटतो. माणूसच लागतं. खालून एक हिसका म्हणजे सैल सोड, दोन म्हणजे ओढ; वरून दोन आले तर वर ये. तोंड उघडायची गरजच नाही. गवत निम्मं-निम्मं, त्यावर दोन्ही घरच्या गाई हिवाळा काढतात.

यंदा नवरा म्हणाला, "आई, दोर मी धरतो."

"तुझं लक्ष मोबाईलात. तिचा हात मला दोरातून कळतो," म्हणाल्या आणि गेल्या. गाय विकायचं नाव काढलं तर जेवत नाहीत, त्यांना कोण अडवणार?

दुपारी मी भाकरी घेऊन वर गेले. पाहते तर थोरल्यांनी दोराचं टोक स्वतःच्या कमरेला गच्च बांधलेलं.

"हे काय?"

"हाताला कंप सुटतो गं हल्ली. दोर निसटला तर?"

"अहो, मग दोघी जाल."

"मग तिला एकटीला जाऊ देऊ?"

मी दोर धरला आणि दोन हिसके दिले. अर्धं गवत उभं असताना बोलावलं म्हणून सासूबाई पुटपुटतच वर आल्या. ती गाठ दिसली तशा थेट थोरल्यांपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"अक्कल कुठे ठेवली होतीस?" इतक्या वर्षांनी जावेशी त्या हे बोलल्या.

"तुझ्याच घरात. भिंत घातली तेव्हा तिकडे राहिली."

गाठ सुटेना. सासूबाईंनी विळ्याने चांगला दोर कापून टाकला. उरलेल्या गवताकडे एकदा पाहिलं. "राहू दे डोंगराचं डोंगराला. माझी एक गाय देऊन टाकू."

"तुझी कशाला? माझी दे," थोरल्या म्हणाल्या. "मला आता धार काढवत नाही."

"तुझी राहू दे," सासूबाई म्हणाल्या. "धार मी काढीन."